गावाचा तिसरा हिस्सा

पिंपरी पेंढारहून रोज एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने मागच्या महिन्यात मला एक इंग्रजी कादंबरी वाचावयास दिली. इंग्लंडमधील एका खेड्याचे ग्रंथालय खर्चकपातीत बंद पडण्याच्या बेतात आहे. गावातील म्हातारी माणसे, शाळकरी मुले, एक अबोल ग्रंथपाल असे सगळे एकत्र येतात आणि ते वाचवितात, अशी ती कथा. २०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारने स्थानिक संस्थांचे पैसे कमी केले, शेकडो ग्रंथालयांना टाळे लागले आणि त्यातून अशा कादंबऱ्यांचे एक पीकच आले. कादंबरी मन प्रसन्न करणारी आहे, यात शंका नाही. परंतु आपल्याकडे असे घडेल काय, असे तिने विचारले तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही.

त्याला कारण आहे. आमच्या भागातील एका खेड्याच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे होतो. तीन कपाटे, दोन बाके, चार वर्तमानपत्रे आणि 'ड' वर्गाचे अनुदान एवढाच त्याचा संसार. ग्रंथपाल म्हणून काम करणारा तरुण सकाळी कांद्याच्या वखारीत हिशेब लिही आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडी. पुढे तो वखारीतच रमला. वाचनालय बंद करण्याचा ठराव ज्या सभेपुढे आला, तिला आम्ही पाच जण हजर होतो. ठरावावर सही करणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी गावात कोणी चौकशी केली नाही. दाराच्या पायरीवर येऊन कोणी बसले नाही. त्याच वर्षी त्याच गावाने मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी लाखांनी वर्गणी जमविली होती. हे मी गावाला दूषण देण्यासाठी सांगत नाही. मंदिरात प्रत्येक घराची वीट होती. वाचनालयात सरकारचा पैसा होता आणि आमच्या पाच जणांच्या सह्या होत्या.

या दोहोंतील फरक शंभर वर्षांपूर्वी ज्याने नेमका ओळखला, तो माणूस महाराष्ट्रातील एका खेड्यातच जन्मला होता. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी जन्मलेला गोपाळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबातला. बडोद्याच्या राजघराण्याशी नाते होते, पण ते दूरच्या शाखेचे. त्या नात्याने घरात धान्याचे एक पोतेही अधिक येत नसे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. वारसाचा शोध कवळाण्यापर्यंत आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोपाळ दत्तक गेला आणि त्याचे सयाजीराव असे नाव ठेवण्यात आले. वय वर्षे बारा. लिहिता-वाचता येत नव्हते.

सयाजीरावांच्या चरित्रातील ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि पुढे जातो. येथे थोडे थांबले पाहिजे. अक्षर न ओळखणारा बारा वर्षांचा मुलगा म्हणजे काय, हे या राजाला पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा तो मुळाक्षरांपासून शिकला. कारभार तोपर्यंत दिवाण टी. माधवराव यांच्या हाती होता. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. इतर अनेक संस्थानिकांच्या बाबतीत शिक्षण येथे संपते. यांच्या बाबतीत ते सुरू झाले, असे म्हणावे लागेल. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे वाचन करताना त्यांनी काढलेली टिपणे १८९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वीस वर्षांपूर्वी या माणसाला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीतील इतर कामांची यादी मोठी आहे आणि ती वाचकांना बहुधा पाठ आहे. बडोदे कॉलेज, कलाभवन, आजव्याचे धरण, १९०८ ची बँक ऑफ बरोडा; विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डला जाण्यासाठी केलेले साह्य; १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटापुढे अपेक्षेइतके न लवल्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्रांत उठलेले काहूर. ते वर्षातील बराच काळ परदेशात घालवीत, ही तक्रारही त्या काळी होती आणि ती अगदी निराधार नव्हती. पण परदेशात जाऊन हा माणूस काय पाहत असे, हे महत्त्वाचे.

आपल्या विषयाचा धागा १८९३ पासून सुरू होतो. त्या वर्षी काठेवाडातील अमरेली महालातील निवडक गावांत सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेरा वर्षे त्याचे परिणाम पाहून १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक नामंजूर झाले, ही गोष्ट वेगळी.

शाळा निघाल्या, पोरे बसली, चौथी झाली. मग काय? मुलगा नांगरामागे गेला, मुलगी चुलीपाशी बसली आणि पाच-सात वर्षांत दोघेही अक्षर विसरले. शिक्षणावर झालेला खर्च असा जमिनीत मुरून जातो. मास्तरांना ही गोष्ट ठाऊक असते, अर्थशास्त्रज्ञांना पुष्कळ उशिरा समजते. विहीर खणून मोट न बसविण्यासारखा हा प्रकार आहे. सयाजीरावांनी त्याचे उत्तर शोधले ते ग्रंथालयात. १९०६ च्या आणि पुन्हा १९१० च्या अमेरिका-प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कामगार, दुकानदार, बायका, मुले तेथे पैसे न देता पुस्तके घरी नेत होती. सयाजीराव पाहून परतले नाहीत. न्यू हेवन येथील विल्यम बोर्डन या ग्रंथपालालाच त्यांनी बडोद्यास बोलाविले.

बोर्डन १९१० मध्ये आले आणि १९१३ मध्ये परत गेले. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, वर्गीकरणाची पद्धत तयार केली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला. भारतातील तो अशा प्रकारचा पहिला वर्ग समजला जातो. राजवाड्यातील महाराजांचा खासगी संग्रह, सुमारे वीस हजार ग्रंथांचा, मध्यवर्ती ग्रंथालयाला देण्यात आला. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. १९१२ पासून ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही निघू लागले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूर असे. मांडवी भागात पुढे जी इमारत उभी राहिली, तिच्यातील पोलादी मांडण्या आणि उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून घातलेली जाड काचेची जमीन पाहावयास लोक आजही जातात.

परंतु बडोदे शहरातील या वैभवात मला तितकेसे स्वारस्य नाही. राजधानीत भव्य ग्रंथालय बांधणे हे कोणत्याही श्रीमंत राजाला शक्य आहे. खरी कसोटी होती ती खेड्यांची. संस्थानची वस्ती वीस लाखांच्या आसपास आणि मुलूखही सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत इंग्रजी व इतर संस्थानी हद्दींत तुटक तुटक विखुरलेले. येथे सयाजीरावांच्या मदतीला आला तो मोतीभाई अमीन हा चरोतरचा एक शिक्षक. बोर्डन येण्यापूर्वीच, १९०६ पासून, मोतीभाई मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचण्याची सोय करीत होते. हे काम त्यांना सरकारने सांगितले नव्हते. महाराजांनी त्या माणसाला हेरले आणि ग्रामीण ग्रंथालयांचा विभागच त्याच्या हाती दिला. अमेरिकेहून आणलेला तज्ज्ञ आणि आपल्याच मातीतला मास्तर या दोघांपैकी एकाचीच निवड करण्याची चूक त्यांनी केली नाही.

आता त्या योजनेचा हिशेब पाहू. गावाला ग्रंथालय हवे असेल तर गावाने आधी स्वतः वर्गणी जमवावयाची. जेवढी रक्कम गाव जमवील, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तेवढीच सरकारने. खेड्यासाठी प्रत्येकी वार्षिक १०० रुपयांची मर्यादा, लहान शहरासाठी ३०० ची आणि प्रांताच्या मुख्य शहरासाठी ७०० ची. इमारत बांधावयाची असली तरी हेच तत्त्व: एक हिस्सा गावाचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. योजना एवढीच आहे. एका पोस्टकार्डावर मावेल.

आमच्या विषयात अशा अनुदानाला अवघड नावे आहेत. पण जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागू नये. सोसायटीत किंवा साखर कारखान्यात त्याने स्वतःचा शेअर घेतलेला असतो, सरकारही भागभांडवल घालते. ओतूरच्या कांदा बाजारात किंवा नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात भाव पडला तर तो तावातावाने बोलतो, वार्षिक सभेत अध्यक्षाला उभे करून प्रश्न विचारतो. ज्या संस्थेत आपला पैसा आहे तिच्यावर माणूस रागावतो, आणि हा राग ही संस्थेची मोठी पुंजी असते. आमचे वाचनालय बंद झाले तेव्हा कोणी रागावले नाही, हे मला आजही खुपते.

बडोद्याच्या योजनेतील बारकावा असा की, गावाचा हिस्सा पहिला होता. सरकारने आधी पैसे दिले आणि मग लोकसहभागाचे आवाहन केले, असे तेथे झाले नाही. शिवाय हा हिस्सा एकदाच देऊन भागत नसे, दरसाल द्यावा लागे. म्हणजे ग्रंथालय हवे आहे की नाही, हे गावाला दरवर्षी नव्याने ठरवावे लागे. वरची मर्यादाही सहेतुक होती. ती नसती तर धनवान गावांनी अधिक वर्गणी करून सरकारी तिजोरीतील मोठा भाग ओढून नेला असता.

यावर एक आक्षेप सहज सुचेल, आणि तो खरा आहे. ज्या गावाजवळ पहिला हिस्सा काढण्याचीच ऐपत नाही त्याने काय करावे? छप्पनिया दुष्काळाची आठवण त्या वेळी ताजी होती. शंभर काय, पंचवीस रुपयेही ज्यांना जड जावेत अशी खेडी पुष्कळ होती. त्यांच्यासाठी फिरत्या पेट्या होत्या. खास बनविलेल्या लाकडी पेटीत वीस-पंचवीस निवडक पुस्तके भरून ती रेल्वेने किंवा बैलगाडीने गावाकडे रवाना होई. काही काळ ती तेथे राही, मग दुसरी येई. गावाला यासाठी काही द्यावे लागत नसे. वाहतुकीचा खर्चही खात्याचाच. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूचा कंदील आणि पुढे चलच्चित्रेही खेड्यात नेली जात. एकीकडे हिस्सा मागणे आणि दुसरीकडे ज्यांना तो देता येत नाही त्यांना तिष्ठत न ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात चालल्या होत्या. योजना आखणाऱ्यांना हा तोल क्वचितच साधतो.

वाचावयाचे काय, हाही प्रश्न होता. देशी भाषांत सामान्य वाचकाला कळतील अशी पुस्तके थोडी. म्हणून सयाजीरावांनी २ लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्याच्या व्याजातून मराठी व गुजराती ग्रंथमाला निघाल्या. लहान मुलांसाठी वेगळी माला निघाली. संस्कृत ग्रंथांची गायकवाड प्राच्यविद्या माला विद्वानांनी डोक्यावर घेतली, ते योग्यच. पण खेड्यातल्या पेटीत जाणारी साधी, पातळ पुस्तके काढणे हे अधिक अवघड काम होते, असे माझे मत आहे.

सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या अखेरीस संस्थानात ग्रामग्रंथालयांची संख्या हजाराच्या घरात गेली होती.  मात्र या यशाला एक काळी किनारही आहे आणि ती झाकणे बरोबर होणार नाही. ज्या तरुणाला १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तो भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आला तेव्हा त्याला राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून त्याला काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लावले. कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. गावोगाव ग्रंथालये काढणाऱ्या राज्यात या एका विद्वानाला छप्पर मिळू नये, हे राजाच्या हेतूवरचे भाष्य नसून गावाचा हिस्सा म्हणजे नेमका कोणाचा हिस्सा, या प्रश्नावरचे भाष्य आहे. वर्गणी देणारे गाव हे बहुधा वरच्या आळीचे गाव असते. आपण आज हिस्स्याची भाषा बोलू तेव्हा हा प्रश्न विसरून चालणार नाही.

मोतीभाई अमीन आणि सयाजीराव महाराज दोघेही १९३९ च्या फेब्रुवारीत गेले. महाराजांचे निधन ६ फेब्रुवारीला मुंबईत झाले. पुढे दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये केला. तो पुढच्या वर्षी अंमलात आला. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच कायदा करून घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर बसविला होता, आंध्र आणि कर्नाटक त्याच वाटेने गेले. आपण कर टाळला आणि अनुदानाचा मार्ग धरला. त्याचा लाभ झाला नाही असे नाही. राज्यात अनुदानप्राप्त ग्रंथालये आज अकरा-बारा हजार आहेत, आणि ती सरकारी नसून लोकांच्या संस्थांची आहेत, ही आपल्या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. पण प्रत्यक्षात काय होते ते 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात पाहावे. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले आणि या वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. यातील निम्मी रक्कम सेवकाच्या वेतनासाठी. म्हणजे त्या वेळच्या दराने महिन्याला २ हजार रुपये. उरलेल्या २४ हजारांत वर्षभराची वर्तमानपत्रे, मासिके, वीज, फर्निचर आणि ग्रंथ. शेतमजुराच्या आठवड्याभराच्या मजुरीत महिनाभर ग्रंथपाल राबावा, अशी आपली अपेक्षा होती.

अनुदान वाढले पाहिजे, ही मागणी रास्त आहे. ती करणाऱ्यांत मी आहे. तथापि ते तिप्पट झाले असते तरी आमच्या गावात त्या दिवशी पायरीवर कोणी येऊन बसले असते, असे मला वाटत नाही. सभासदांची वर्गणी नाममात्र, ग्रामपंचायतीचा हिस्सा मनात आला तर, आणि बाकी सर्व भार सरकारवर. या तीन पायांपैकी दोन पाय कागदावरच आहेत. मग वर्षातून एकदा तपासणी येते, दप्तर पूर्ण केले जाते आणि वाचनालय हे हळूहळू दप्तर पूर्ण करण्याचे ठिकाण होते. सयाजीराव हे लोकांनी निवडलेले नव्हते. फर्मान काढून दर गावात एक ग्रंथालय उघडणे त्यांना सहज शक्य होते. शिक्षणाची सक्ती त्यांनी केलीच होती. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र त्यांनी सक्ती न करता गावाने दार ठोठावण्याची वाट पाहिली. आपण लोकशाहीत राहून नेमके उलटे केले, ही गोष्ट मला विचार करावयास लावते.

हा सगळा हिशेब मी त्या विद्यार्थिनीला सांगितला. कादंबरीपेक्षा तो रुक्ष आहे, हे मला मान्य होते. तिने तो वहीत उतरवून घेतला, पिंपरी पेंढारमधील तिच्या आळीत किती घरे आहेत हे बोटांवर मोजले आणि दर घरी महिना किती पडतील याचा भागाकार केला. आळीबाहेरच्या वस्तीतील घरे तिने आधी धरली नव्हती. मी विचारल्यावर ती धरून भागाकार पुन्हा केला. मग पुस्तक पिशवीत टाकताना तिने विचारले की, तुमच्या त्या बंद झालेल्या वाचनालयाची कपाटे आता कोठे आहेत. ती तीनही कपाटे तेथल्या शाळेच्या एका खोलीत आहेत. किल्ली माझ्याजवळच राहिली आहे.